फक्त यादी बदला

आमच्या भागात एखाद्याला 'नमुना' म्हणणं ही शिवी नसते, पण कौतुकही नसतं. चारचौघांत न मिसळणारा, नको तिथे नको ते बोलणारा माणूस दिसला की लोक म्हणतात, "काय नमुना हाय बघ." नांदेडच्या आमच्या कॉलेजात सोनकांबळे सरांना सगळे हेच म्हणत. मुलं पाठीमागे म्हणत, सोबतचे प्राध्यापक तोंडावर म्हणत. सरांना राग येत नसे. ते संख्याशास्त्र शिकवत. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'नमुना' असं लिहिलं आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. सर वळले. "हसा, हसा. आता ऐका. सगळं नांदेड काही कुणाला इचारत बसता येत न्हाई. थोडे लोक घ्यायचे आन त्यांच्यावरून सगळ्यांचं सांगायचं. हे जे थोडे घेतले, तो नमुना. आता मला बघून सगळे मास्तर असेच असतेत असं म्हणलात, तर तुमचं गणित चुकलं."

मी मुदखेडची. वडील स्टेशनबाहेर फळांची गाडी लावायचे, आई शेतात रोजंदारीला जायची. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. संख्याशास्त्र मी आवडीने घेतलं नाही. दुसऱ्या विषयांच्या जागा भरल्या होत्या आणि इथे रिकाम्या होत्या, एवढंच कारण. रोज रेल्वेने यायचं, शेवटच्या बाकावर बसायचं आणि कुणाच्या नजरेस न पडता परत जायचं, हे मी शाळेपासून शिकले होते.

सरांकडे लोणच्याची एक रिकामी प्लास्टिकची बरणी होती. तिच्यात वर्गातल्या प्रत्येकाच्या हजेरी क्रमांकाची चिठ्ठी. प्रश्न विचारायचा असला की बरणी हलवायची, चिठ्ठी काढायची, नंबर वाचायचा आणि ती चिठ्ठी पुन्हा बरणीतच टाकायची. त्यामुळे कधी कधी एकाच मुलाचा नंबर लागोपाठ यायचा. रफिक नावाचा आमचा एक वर्गमित्र होता, त्याला बरणीने छळलंच.

"सर, परवाबी मीच, कालबी मीच, आजबी मीच. बाकीच्या चिठ्ठ्या जेवायला गेल्या का?"

"चिठ्ठीला तुझं तोंड माहीत न्हाई, रफिक. तेच तर तिचं चांगलं हाय."

मग त्यांनी आम्हाला सांगितलं की मास्तरने बोट केलं की ते बोट आपोआप पुढच्या बाकाकडे जातं. इस्त्रीच्या शर्टाकडे जातं, ओळखीच्या आडनावाकडे जातं. "माझंबी जातंय. मी काय देव न्हाई. म्हणून बोट खिशात ठेवायचं." आणि खरोखरच शिकवताना त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात असायचा. खडू डाव्या हातात.

त्या बरणीतून एक दिवस माझा नंबर निघाला. मी उभी राहिले. उत्तर अर्धवट आलं. सर म्हणाले, "अर्धं बराबर हाय, अर्धं उद्या आण." कॉलेजात माझा आवाज मी स्वतः पहिल्यांदा ऐकला तो त्या दिवशी. आज मी जी काही आहे, त्याची सुरुवात तिथून झाली. म्हणून पुढचं सगळं लिहिताना हात जड होतो.

एकदा संध्याकाळी वडील घरी आले ते हसतच. "आज एक येडं गिऱ्हाईक आलं व्हतं. डोळे झाकून पेरू उचलायलं. मी म्हणलं, साहेब, चांगले बघून घ्या की. तर म्हणतंय, चांगले बघून घेतले तर तुमची गाडी कशी हाय ते मला कसं कळंल? म्हणलं, किडका निघाला तर? म्हणतंय, निघू द्या, तोबी गाडीवरलाच हाय."

मी विचारलं, "उजवा हात खिशात होता का?"

"हाव. तुला कसं ठावं?"

सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, तेही संस्थेला जमेल तेव्हा. उन्हाळ्यात काही नाही, दिवाळीत काही नाही. त्यांचं लग्न झालं तेव्हा सासऱ्यांना सांगितलं होतं की जावई लवकरच कायम होणार आहेत. मुलगी शाळेत जायला लागली तरी सर कायम झाले नव्हते. याच्यावर ते वर्गातच विनोद करत. "आमच्या सासरवाडीला एक सर्व्हे चालू हाय. प्रश्न एकच. पाव्हणं, झालं का कायम? आन गंमत म्हणजे समदे मलाच इचारतेत." आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत, फक्त पुढचा मुद्दा सुरू करायचे. दरवर्षी कुणीतरी म्हणायचं की या वर्षी जागा निघणार. दरवर्षी ते नवा बायोडाटा टाइप करून आणायचे.

सुट्टीत ते वेगवेगळ्या एजन्सींच्या सर्वेक्षणाला गावोगाव हिंडत. पुस्तकात नसलेलं त्यांचं ज्ञान तिथून आलं होतं. आम्हालाही त्यांनी एकदा भोकरच्या बाजूच्या एका गावात नेलं. विषय होता घरातलं पाणी. ठरावीक अंतराने घर निवडायचं, मधलं एकही घर आपल्या मर्जीने घ्यायचं नाही, कुलूप असेल तर शेजारच्याकडे न जाता पुन्हा त्याच घरी यायचं. "जो सापडत न्हाई, त्याचंच उत्तर वेगळं असतंय," असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून ते आमचे कागद तपासायला लागले आणि रफिकच्या कागदावर थांबले.

"घरात माणसं तीन. आन रोजच्या घागरी एवढ्या? हे लोक पाणी पितेत का पोहतेत?"

"सर, मी नीट इचारलं. घरात माणसं किती? बाईनं बोटं मोजून सांगितलं."

सरांनी दुसऱ्यांचे कागद काढले. माझाही काढला. सगळीकडे तोच प्रकार. ते उठले आणि रफिकला घेऊन पुन्हा त्या घरी गेले. आम्हीही मागोमाग गेलो. बाई भाकरी थापत होती.

"माय, घरात माणसं किती म्हणलीस?"

"तीन. मालक, दीर आन सासरा."

"आन बाया?"

तिने थापायचं थांबवलं. "बाया धरायच्या व्हत्या का? ह्या पोरानं माणसंच इचारली की."

परत येताना मुलं हसून हसून बेजार झाली होती. सर हसत नव्हते. म्हणाले, "गाव खोटं बोललं न्हाई. आपण अर्धं गाव खोडलं, आन तेबी साध्या मराठीत." दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रश्न बदलला. एका चुलीवर जेवणारे सगळे किती, बाया-लेकरं धरून. मला मात्र रात्रभर एकच गोष्ट टोचत राहिली. 'माणसं किती' असं मीही विचारलं होतं आणि मिळालेलं उत्तर मलाही खरं वाटलं होतं. स्वतः बाई असून.

मी शेवटच्या वर्षाला असताना कॉलेज तपासायला बाहेरची समिती येणार असं ठरलं. भिंतींना रंग लागले, कुंड्या आल्या. विद्यार्थी कॉलेजवर कितपत समाधानी आहेत याचं सर्वेक्षण करायचं होतं. ते काम सरांना दिलं. त्याच आठवड्यात संख्याशास्त्राची जागा भरण्याची परवानगी आल्याची बातमी पसरली. प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "समिती जाऊ द्या, लगेच मुलाखती. तुमच्याशिवाय आहे कोण?" सर त्या दिवशी वर्गात आले ते नवा शर्ट घालून. बरणीतही सगळ्या कॉलेजच्या चिठ्ठ्या भरल्या होत्या. बरणी पुरेना, म्हणून सोबत त्यांच्या शाळकरी मुलीचा एक जुना डबा होता.

हजेरीपटावरच्या प्रत्येक नावाची चिठ्ठी त्यांनी केली होती. हीच अडचण झाली. हजेरीपटावर नाव आहे म्हणजे मुलगा कॉलेजात येतो असं नव्हतं. निघालेल्या चिठ्ठ्यांतले कितीतरी जण आम्ही कधी पाहिलेच नव्हते. कुणी हैदराबादला हॉटेलात कामाला, कुणी पुण्याला कंपनीत. सरांनी एकेकाचा फोन शोधला. जे जवळ होते त्यांच्या घरी गेले. एक चिठ्ठी सविता नावाच्या मुलीची होती. तिचं लग्न होऊन ती भोकरला नांदत होती. सासरी एकटं कसं जायचं म्हणून सरांनी मला सोबत नेलं.

सविता डोक्यावर पदर घेऊन बसली. सासू दारातच उभी. "कालेजचे लोक आता कामून आले?" तिने दोनदा विचारलं. सरांनी कागद काढून वाचायला सुरुवात केली. ग्रंथालय कसं वाटतं, प्रयोगशाळा कशी वाटते, उत्तम की बरी की वाईट.

सविताने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "सर, मी आजून कॉलेजात हाय?"

सरांनी यादीतलं तिचं नाव पुन्हा पाहिलं. "हाय बेटा. हजेरीत नाव हाय तुझं."

"मग कसं वाटतंय ते काय सांगू? यायला मिळालं असतं तर सांगितलं असतं."

या उत्तराला कागदावर चौकोन नव्हता. सरांनी ते समासात तिच्याच शब्दांत लिहिलं. बसमध्ये म्हणाले, "हिला सोडून मोजलं असतं, तर आपलं कॉलेज लई चांगलं निघालं असतं."

बाकीच्यांची उत्तरं आणखी वाईट होती. कुणी लिहिलं होतं की शिक्षकच तासाला येत नाहीत म्हणून येणं सोडलं. कुणी लिहिलं होतं की प्रयोगशाळेला कायम कुलूप. सरांनी तक्ते केले, आलेख काढले आणि सगळे कागद घेऊन प्राचार्यांकडे गेले. गठ्ठे धरायला मी सोबत होते, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

प्राचार्य मृदू माणूस होते. त्यांनी ओरडाआरडा केला नाही. आलेख पाहिले, चष्मा काढून पुसला. "सोनकांबळे, हे कोण विद्यार्थी आहेत? हे आपले वाटत नाहीत."

"आपलेच हायत सर. हजेरीपटावरून काढलेत."

"पण हे येतच नाहीत."

"म्हणूनच त्यांना इचारायला पाहिजे."

"हे बघा, मी तुम्हाला एक आकडा बदला म्हणत नाही. ते पाप मी करणार नाही. उत्तरं मुलं जी देतील तीच राहू द्या." त्यांनी चष्मा लावला. "फक्त यादी बदला. जे नियमित येतात त्यांना विचारा. आणि मुलाखतीची तारीख मी संस्थेकडून लावून घेतली आहे, हेही लक्षात असू द्या."

सर उठले. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील. भोकरच्या बसमध्ये जसं बोलले होते, तसं. ते म्हणाले, "बघतो सर."

पुढच्या सोमवारी ते वर्गात आले तेव्हा बरणी नव्हती. त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि एकेका मुलाकडे बोट करत गेले. तू, तू, तू. पुढचा बाक सगळा आला. वसतिगृहातली मुलं आली. आणि एक बोट माझ्याकडे आलं. मी तोवर पुढच्या बाकावर बसायला लागले होते.

फॉर्म हातात देताना मी विचारलं, "सर, काय लिहू?"

"जे वाटतंय ते लिही. खरं लिही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी खरंच लिहिलं. या कॉलेजने मला बोलायला शिकवलं, इथले शिक्षक जीव लावून शिकवतात, मी समाधानी आहे. एकही अक्षर खोटं नव्हतं. आमच्यापैकी कुणीच खोटं लिहिलं नाही. पंधरवड्याने सभागृहातल्या पडद्यावर रंगीत आलेख झळकले. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, विद्यार्थी कसे निवडले? सरांनी उत्तर द्यायच्या आत प्राचार्य म्हणाले, "शास्त्रशुद्ध पद्धतीने. आमचे संख्याशास्त्राचे सर स्वतः बघतात." सरांनी मान हलवली. तेवढी मान हलवलेली मी अजून विसरू शकलेले नाही.

कॉलेजला चांगला दर्जा मिळाला. पेढे वाटले. मग मुलाखती झाल्या. सर सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसले होते, मांडीवर फाईल घेऊन. आम्ही काही जण जिन्यात थांबलो होतो. ते आत गेले आणि लगेच बाहेर आले.

"काय विचारलं सर?" रफिकने विचारलं.

"काही न्हाई. म्हणले, तुम्ही तर घरचेच, तुम्हाला काय विचारायचं. चहा पाजला."

जागा संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याच्या जावयाला गेली. तो मुलगा वाईट नव्हता, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येईल. निवड समितीला आमच्या सरांची मुलाखत घेतल्याची नोंद हवी होती, म्हणून त्यांना बोलावलं होतं. आम्ही मुलांनी निवेदन द्यायचं ठरवलं, सह्या गोळा करायला लागलो. सरांनी रफिकच्या हातातून कागद काढून घेतला. "नको. यादी बदलता येते, हे मीच करून दाखवलं त्यांना. लवकर शिकले, एवढंच."

त्या वर्षानंतर ते कॉलेजात दिसले नाहीत. मी त्यांच्याच टिपणांवर भरतीची परीक्षा दिली, नोकरीला लागले. लातूरला एका सरकारी कार्यालयात आकडेवारी तपासायचं काम करते. तालुक्यांहून आलेल्या तक्त्यांत काही खटकलं की मी फोन करून विचारते, बाया धरल्या का? पलीकडचा माणूस हसतो. मी हसत नाही, ही सवय त्यांचीच.

धाकट्या भावाला डॉक्टर व्हायचं होतं. त्याच्यासाठी क्लासची चौकशी करायला मी गेल्या उन्हाळ्यात लातूरच्या क्लासेसच्या भागात गेले. एका क्लासच्या तळमजल्यावर थंडगार काचेची खोली होती. तिच्यात प्रवेशाची माहिती देणारं टेबल, आणि टेबलामागे सोनकांबळे सर. केस पांढरे झाले होते. गळ्यात ओळखपत्र होतं. मला पाहून ते उभेच राहिले.

"मुदखेड! बस, बस. चहा सांगतो. काय करायलीस आता?"

मी भावासाठी आल्याचं आणि माझ्या नोकरीचं सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला की शेजारच्या टेबलावरच्या मुलालाही त्यांनी ते सांगितलं, "माझी विद्यार्थिनी हाय ही." त्यांच्या मागची सगळी भिंत निवड झालेल्या मुलामुलींच्या फोटोंनी भरली होती. प्रत्येकाखाली गुण, प्रत्येकाच्या कपाळाला गुलाल. कुणाचे फोटो कुठे लावायचे, वरच्या ओळीत कोण, जाहिरातीत कोण, हे सगळं आता त्यांच्याकडे होतं.

मी बराच वेळ भिंतीकडे पाहत होते. न राहवून विचारलं, "सर, बाकीचे?"

"बाकीचे भिंतीवर मावत न्हाईत."

चहा आला. त्यांनी आवाज खाली आणला. "भावाला इथं आणू नको. घरीच बसून कर म्हण, मी पुस्तकं सांगतो. आन हे मी बोललो न्हाई."

तेवढ्यात औशाहून आलेला एक गृहस्थ आत आला. धोतर, टोपी, सोबत दहावी झालेली मुलगी. त्याने खुर्चीवर बसायच्या आधीच हात जोडले. "सर, दुसरं काही इचारत न्हाई. पोरगी लागंल का डाक्टरकीला?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "लागंल की. का न्हाई लागणार? इथं आली म्हणजे लागलीच समजा."

त्या माणसाने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. सरांनी पाय मागे घेतले नाहीत. तो पावती फाडायला शेजारच्या खिडकीकडे गेला. मुलगी तिथेच उभी राहिली.

सर कपातला चहा बघत मला म्हणाले, "इथं पगार एक तारखेला होतो. पीएफबी कापतेत." हे ते अभिमानाने म्हणाले की माझी माफी मागत होते, मला अजून सांगता येत नाही.

बापाची पाठ आहे असं बघून मुलीने विचारलं, "सर, आन न्हाई लागलं तर?"

तिचा प्रश्न बरोबर होता. त्या खोलीत त्या दिवशी विचारला गेलेला तेवढा एकच प्रश्न बरोबर होता, आणि तो ओळखणारा लातुरात त्यांच्याइतका दुसरा कुणी नसेल. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. तीही पाहत होती.

"असा इचार मनात आणायचा न्हाई, बेटा," सर म्हणाले, आणि तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत त्यांनी आवाज दिला, "पुढचं कोण हाय? या, आत या."